इजारा : एका शब्दाची वऱ्हाडांतील हकीकत

“शहाणपणाचा इजारा कांहीं तुम्हीं एकट्यानेंच घेतलेला नाहीं,” असें मराठींत सहज बोललें जातें. बोलणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं ना जमीन असते, ना वसूल, ना करारनामा. दुसऱ्याला वाव न ठेवतां एकट्यानें बळकावलेला हक्क, एवढाच अर्थ त्याला अभिप्रेत असतो. अरबींतून फारशीच्या मार्गानें आलेला हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे कीं, एखादा विनोदी गृहस्थ अंगांतल्या इजारीशींही त्याचें नातें जोडून मोकळा होतो. इजार आणि इजारा यांचा वास्तविक कांहींएक संबंध नाहीं. परंतु ज्या प्रांतांत इजाऱ्यापायीं पुष्कळांना नेसत्या वस्त्रानिशीं गांव सोडावा लागला, त्या प्रांतांत हा विनोद अगदींच निरर्थक वाटत नाहीं.

तो प्रांत म्हणजे वऱ्हाड. त्यांतही मेहकर, चिखली, मलकापूर, खामगांव या मुलखाचा आजचा बुलढाणा जिल्हा डोळ्यांपुढें ठेवला, तर हा एकच शब्द सावकाराच्या कराराला, ओसाड गांवाच्या पट्ट्याला आणि शेवटीं दोन सरकारांमधल्या करारालाही लागू पडलेला दिसतो. अक्षरें तींच राहिलीं. अर्थ मात्र प्रत्येक कागदाबरोबर पालटत गेला, आणि त्या पालटाची किंमत कागदावर सही करणाऱ्यांपेक्षां सही न करणाऱ्यांनीं अधिक मोजली.

मूळ शब्द अगदीं साधा आहे. ‘अज्र’ म्हणजे मोबदला, मजुरी. जुन्या मराठी पत्रव्यवहारांत जासुदाच्या मेहनतान्याला अजुरा म्हणत, तो याच घरचा शब्द. इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनीं इजारा या कराराचा फार बारकाईनें विचार केलेला आहे. घर, जनावर, जमीन अशा वस्तूचा उपयोग भाड्यानें देणें हा एक इजारा. माणसानें आपले श्रम मोबदल्यावर देणें हा दुसरा. दोहोंतही अटी त्याच. कशाचा उपयोग द्यावयाचा हें स्पष्ट असावें, मुदत ठरलेली असावी, मोबदला ठरलेला असावा, आणि वस्तूची मालकी देणाऱ्याकडेच राहावी. मुदत सरली कीं वस्तु परत. घेणाऱ्यालाही संरक्षण आणि देणाऱ्यालाही, असा हा समतोल करार होता. आजही इस्लामी पद्धतीच्या बँका यंत्रें किंवा इमारती भाडेपट्ट्यानें देतात, त्या व्यवहाराला इजारा असेंच म्हणतात.

मोगली अमलांत या शब्दाला पहिला पीळ पडला. भाड्यानें दिली जाऊं लागली ती वस्तु नव्हे, तर वसूल करण्याचा सरकारचा अधिकार. एखाद्या परगण्याचें उत्पन्न वर्षाला अमुक येईल असा अंदाज बांधून ती रक्कम भरण्याची हमी जो देईल, त्याच्या हातीं परगणा सोंपवावयाचा. मग त्यानें रयतेकडून किती आणि कसें काढलें ही चौकशी सहसा कोणी करावयाची नाहीं. अकबराच्या काळीं वऱ्हाड हा सुभा होता आणि मेहकर हें त्या सुभ्याचें एक सरकार. लोणारच्या सरोवरांतून निघणारा क्षार कांच आणि साबण करण्याच्या कामीं येतो व त्यापासून चांगलें उत्पन्न होतें, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’ंत आहे. अशा एकेका बाबीचें उत्पन्न ठोक रकमेवर लावून देण्यांत फारसा अनर्थ नव्हता. क्षाराला पोटभर जेवावयाचें नसतें. पण तीच रीत गांवांना आणि परगण्यांना लागू झाली, तेव्हां गोष्ट निराळी झाली. अठराव्या शतकाच्या आरंभीं फर्रुखसियरच्या कारकीर्दींत दिल्ली दरबारीं इजाऱ्याचा सुळसुळाट झाला, आणि दरबाराची पकड जसजशी ढिली पडली तसतशी ही रीत सुभ्या-सुभ्यांतून पसरली.

१७२४ सालीं बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डें येथें निजामउल्मुल्कानें मुबारिजखानाचा पराभव केला. मुबारिजखान तेथेंच पडला आणि दक्षिणेंत निजामाचें राज्य पक्कें झालें. तरी वऱ्हाडाला एक धनी लाभला नाहीं. नागपूरकर भोसल्यांचे अंमलदार आणि निजामाचे अंमलदार शेजारीं शेजारीं बसून एकाच गांवच्या वसुलाची वांटणी करीत. लोक या कारभाराला दुअमली म्हणत. १८०३ सालीं अडगांवची लढाई व गाविलगडचा पाडाव यांनंतर देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. त्याच सुमारास भयंकर दुष्काळ पडला. लढाई, पेंढारी आणि उपासमार या तिहींच्या तडाख्यांतून जें गांव वांचलें, त्याच्या वांट्याला आतां इजारदार आला.

हैदराबादचा कारभार त्या वेळीं राजा चंदुलालाच्या हातीं होता. फौजेचा खर्च मोठा आणि खजिना रिकामा. सावकारांकडून आगाऊ रकमा घ्यावयाच्या आणि त्यांच्या फेडीसाठीं जिल्हेच्या जिल्हे लावून द्यावयाचे, हा दिवाणाचा नित्याचा मार्ग झाला. इजाऱ्यानें मामलती देण्याचा हा रोग निजामाच्याच राज्यांत होता असें मात्र नाहीं. दुसऱ्या बाजीरावानें पेशवाईच्या अखेरीस तेंच केलें, आणि पुण्याच्या रयतेनेंही त्याची फळें भोगलीं. पण पेशवाई १८१८ सालीं संपली. वऱ्हाडांत हा खेळ आणखी पस्तीस वर्षें चालला.

खेळाची रीत अशी होती. सुभ्यासाठीं बोली करणारा मोठा सावकार हैदराबादेस बसलेला असे. तो परगणे पोट-इजाऱ्यानें दुसऱ्यांना देई, ते गांव तिसऱ्यांना देत. गांवचा वंशपरंपरागत पाटील वसूल करावयास तयार असला, तरी त्याच्यावर चढाओढ करणारा कोणी निघाला कीं गांव त्या उपऱ्याच्या हातीं जाई. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वरच्याची रक्कम भरून आपला नफा काढावयाचा असे, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर, जिच्याखालीं आणखी कोणी नाहीं तेथें, नांगर धरणारा शेतकरी उभा असे. या सर्व कागदांत त्याचें नांव कोठेंच येत नसे. धर्मशास्त्रांतल्या इजाऱ्यांत दोन पक्ष होते आणि दोघांच्याही हिताची तजवीज होती. इथें करार दोघांत आणि भरणा तिसऱ्याचा, अशी स्थिति आली.

मुदतीचीही तीच दशा. कागदावर मुदत लिहिलेली असे. पण मधेंच कोणी जास्त नजराणा घेऊन दरबारांत उभा राहिला, तर आधींच्याला काढण्यास दरबार मागेंपुढें पाहत नसे. उद्यां आपला इजारा राहील किंवा न राहील याची शाश्वती नसलेल्या माणसानें विहीर कां बांधावी, पडीत जमिनीला कौल देऊन कूळ कां बोलवावें? त्यानें आजच्या आज जेवढें निघेल तेवढें काढलें. त्याच्या दुष्टपणाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांतल्या कांहीं खऱ्याही असतील; परंतु दोष माणसाच्या स्वभावापेक्षां मुदतीच्या अनिश्चितपणांत अधिक होता, हें उघड आहे. चार्लस मेटकाफ १८२० ते १८२५ पर्यंत हैदराबादेस रेसिडेंट होता. त्यानें ठराविक वर्षांचे कौल देऊन गांवोगांव सारा बांधून देण्याचा प्रयत्न केला. पण १८२९ सालीं नवा निजाम गादीवर आला, त्यानें इंग्रज देखरेखदार काढून घ्यावयास लावले आणि पुन्हां पहिलें पाढे पंचावन्न झालें.

वऱ्हाडचा बराचसा भाग पूरणमल नांवाच्या हैदराबादच्या सावकाराकडे इजाऱ्यानें होता. १८३९ सालीं रेसिडेंटाच्या आग्रहावरून त्याला काढण्यांत आलें आणि पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीचा अंमल सुरू झाला. ही मंडळी नुसती वसूलदार नव्हती. १८२५–२६ सालीं वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर थेट मुंबईस पाठविण्याचें पहिलें साहस त्यांनींच केलें होतें. शेतकऱ्यांना त्यांनीं आगाऊ रकमा दिल्या आणि खामगांवास कापूस दाबण्याचीं यंत्रें उभारलीं. औरंगाबादच्या टांकसाळींतून निघालेल्या त्यांच्या रुपयाला लोक पेस्तनशाही म्हणत. व्यापाऱ्याच्या नांवानें शाही चालावी, यावरून त्या काळच्या राजसत्तेची अवस्था कळते. १८४१ सालीं चंदुलालानें आपल्या कर्जापोटीं वऱ्हाडांतील मोठाल्या वसुली त्यांना लावून दिल्या. १८४३ सालीं राज्य दिवाळखोरीच्या कांठाशीं आणून चंदुलालानें दिवाणगिरी सोडली, आणि १८४५ सालीं पेस्तनजीला वऱ्हाडचे परगणे सोडणें भाग पडलें. खामगांवच्या पुढच्या भरभराटीचा पाया घालणारी पेढी आणि रयतेच्या वसुलावर कर्ज फेडून घेणारी पेढी एकच होती. इतिहासांत अशा गोष्टी घडतात. त्यांचा हिशेब एका रकान्यांत मांडतां येत नाहीं.

याच सुमारास तालुकदार या शब्दाचेंही नशीब पाहण्यासारखें आहे. निजामाच्या राज्यांत परगणा इजाऱ्यानें घेणाराला तालुकदार म्हणत. पुढें सालारजंगानें कारभार सुधारला, तेव्हां पगारी जिल्हाधिकाऱ्याला तेंच नांव मिळालें. अयोध्या प्रांतांत मात्र तालुकदार म्हणजे मोठा जमीनदार. वऱ्हाडांत तालुका राहिला आणि दार गेला.

२१ मे १८५३ च्या तहानें निजामानें हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. हवालीं केला, दिला नाहीं. हा भेद तहांत मुद्दाम राखलेला होता. १८६० च्या तहानें इतर कांहीं मुलूख निजामाला परत मिळाला आणि वऱ्हाड विश्वस्त या नात्यानें इंग्रजांकडे राहिला. खर्च वजा जातां जी शिल्लक उरेल ती निजामाला द्यावयाची होती.

इंग्रजी अमलांत वसुलाचा इजारा बंद झाला आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, आकार ठरला, आणि सारा भरीत राहील तोंपर्यंत जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा व मुलांना ठेवण्याचा हक्क खातेदाराला मिळाला. तीस वर्षांची मुदत येथेंही होती. पण ती साऱ्याच्या दराची होती, हक्काची नव्हती. पूर्वींच्या इजाऱ्यांत ज्याचें नांव कधीं येत नसे, त्या शेतकऱ्याचें नांव आतां कागदाच्या पहिल्याच रकान्यांत आलें. तें नांव पुढें सावकाराच्या खतावरही तितक्याच लवकर गेलें, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकेंतील यादवी युद्धानें १८६१ नंतर कापसाचे भाव आकाशाला भिडले. वऱ्हाडांत पडीत पडलेली काळी जमीन एकाएकीं मोलाची ठरली. दुष्काळांत आणि धामधुमींत ओस पडलेले गांव मात्र जंगलांत बुजून गेलेले होते. ते पुन्हां वसवावे म्हणून १८६५ सालीं पडीत जमिनीचे नियम झाले, आणि इजारा हा शब्द दुसऱ्या वेषांत परत आला. अख्खा ओसाड गांव एखाद्या ऐपतदार माणसाला दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें द्यावयाचा. त्यानें जंगल तोडावें, कुळें आणून वसवावीं, जमीन लागवडीस आणावी. असे इजारा-गांव विशेषेंकरून वणी-यवतमाळकडच्या डोंगराळ भागांत झाले, आणि कित्येकांच्या नांवापुढें इजारा हें उपपद सरकारी यादींत कायमचें चिकटलें.

या इजाऱ्यांत वसूल करण्याचा नव्हे, तर जमिनीचाच उपयोग दिला होता, मुदतही होती. म्हणजे शब्द आपल्या मूळ अर्थाच्या जवळ आला असें वाटतें. पण मुदत संपल्यावर वस्तु परत, ही शेवटची अट गळाली. अटी पुऱ्या करणाऱ्या इजारदाराला गांव मालकीहक्कानें मिळण्याची वाट नियमांतच ठेवलेली होती. भाडेकरी मालक झाला. त्याचें भांडवल आणि त्याची जोखीम खरी होती, हें नाकारतां येणार नाहीं. तथापि प्रत्यक्ष झाडें तोडणारे, मुळें उपटणारे, हिंवतापानें मरणारे कोणी वेगळेच होते, आणि ते त्या गांवांत कूळ म्हणून राहिले. शींवेच्या अलीकडे खालसा गांव. तेथला शेतकरी खातेदार. शींवेच्या पलीकडे इजाऱ्याचा गांव. तेथला शेतकरी इजारदाराच्या मर्जीचा. जमीन एकच, पाऊस एकच, पऱ्हाटी एकच. कागदांतला शब्द निराळा. या कुळांना कांहीं तरी कायद्याचा आधार मिळावयाला १९२१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षींच्या वऱ्हाडांतील दुमाला गांवांच्या कुळकायद्यानें कायम कुळें, पुरातन कुळें असे वर्ग पाडून जहागीर, इनाम व इजारा गांवांतल्या कुळांचे हक्क नोंदले.

एवढ्यांत या शब्दानें सर्वांत मोठी उडी मारलेली होती. १९०२ च्या आरंभीं लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादेस गेले आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्याशीं त्यांनीं समक्ष बोलणें केलें. ५ नोव्हेंबर १९०२ रोजीं करार झाला. वऱ्हाडवरचें निजामाचें सार्वभौमत्व मान्य करून इंग्रज सरकारनें तो प्रांत दरसाल पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यानें कायमच्या पट्ट्यानें घेतला. शिल्लक राहील तेवढी देण्याची जुनी तरतूद गेली आणि ठरीव रक्कम आली. एका प्रांताचा, त्यांतल्या लाखों माणसांसकट, इजारा झाला. वस्तु निश्चित, मोबदला निश्चित, मालकी देणाऱ्याची. पण मुदत कायमची! जो इजारा कधींच संपत नाहीं, त्यांत मालकाजवळ मालकीचें नांव आणि भाड्याची पावती यांपलीकडे काय उरतें? पुढच्या नववर्षीं निजामास जी. सी. बी. हा किताब मिळाला, तेव्हां या तीन अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे कर्झनला वऱ्हाड देऊन टाकला, असा चेष्टेखोर लोकांनीं लावला.

विनोद बाजूला ठेवला तरी या शब्दाचे परिणाम वऱ्हाडी माणसाच्या दारापर्यंत पोहोंचले. १९०३ सालीं वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताशीं जोडला गेला, आणि १९०५ सालीं अकोल्याकडचे खामगांव व जळगांव हे तालुके बुलढाणा जिल्ह्यांत आले. नकाशावर सगळें एकजीव दिसूं लागलें. पण कायद्याच्या दृष्टीनें वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता. तो भाड्यानें घेतलेला परमुलूख होता. म्हणून प्रत्येक कायदा तेथें वेगळ्या जाहीरनाम्यानें लागू करावा लागे. १९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कायदेमंडळासाठीं मलकापूरच्या किंवा चिखलीच्या मतदारानें रीतसर मत देऊन प्रतिनिधि निवडला, तरी तो थेट सभासद होत नसे. निवडून आल्यावर सरकार त्याची नेमणूक करी, आणि मग तो सभासद. मतदाराला यांत फरक जाणवत नसेल. पण ज्याच्या मतानें माणूस निवडून येतो आणि तरीही नेमला जातो, त्याचें नागरिकत्व भाडेपट्ट्यांत कोठें बसतें, हा प्रश्न सोपा नव्हता.

निजाम मीर उस्मान अली खान यांनीं वऱ्हाड परत मागितला, तेव्हां १९०२ चा करार दडपणाखालीं झाला, असा त्यांचा मुद्दा होता. लॉर्ड रीडिंगनीं २७ मार्च १९२६ च्या पत्रानें ती मागणी फेटाळली, आणि ब्रिटिश सत्तेशीं बरोबरीच्या नात्यानें वाद घालण्याचा अधिकारच संस्थानिकाला नाहीं असें बजावलें. म्हणजे भाडेकरी मालकाला सांगतो कीं, तुझें माझें नातें मालक-भाडेकऱ्याचें नव्हेच! या उत्तरानें इजारा हा शब्द जितका उघडा पडला, तितका पेस्तनजीच्या अमदानींतही पडला नव्हता. १९३६ च्या करारानें निजामाच्या किताबांत वऱ्हाडचें नांव आलें आणि युवराजाला प्रिन्स ऑफ बेरार ही पदवी मिळाली. कारभार होता तेथेंच राहिला. दोन्ही बाजूंनीं मालक कोण याचा वाद घातला. वऱ्हाडांतल्या लोकांना कोणाकडे राहावयाचें आहे, हें मात्र १८५३, १८६० आणि १९०२ यांपैकीं एकाही वेळीं विचारण्यांत आलें नाहीं. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें, २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली, आणि या पट्ट्याचा प्रश्न उरला नाहीं.

गांवांच्या इजाऱ्याचा शेवटही लगेच आला. मध्यप्रदेश विधिमंडळानें केलेल्या मालकीहक्क निर्मूलनाच्या कायद्यान्वयें ३१ मार्च १९५१ पासून जमीनदार, मालगुजार, जहागीरदार यांच्याबरोबर इजारदाराचेही गांवावरचे हक्क सरकारजमा झाले. त्याच वर्षीं वऱ्हाडांतील शेतजमिनीच्या पट्ट्यांचें नियमन करणारा कायदा झाला. एका सालाचा पट्टा लिहिला तरी तो पांच सालांचा समजावा, अशी त्याची योजना होती. पुढें वऱ्हाड १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्यानें १ एप्रिल १९६१ हा दिवस कुळांना जमिनीची मालकी देण्यासाठीं ठरविला. कुळाला कागदानें संरक्षण मिळतें म्हटल्यावर जमीनवाल्यानें कागदच लिहावयाचें सोडलें, हा या कायद्यांचा न लिहिलेला परिणाम.

इजारा हा शब्द आतां दप्तरांतून गेला आहे. शेत ठोक रकमेवर लावण्याला वऱ्हाडांत मक्ता म्हणतात. मक्ता हाही अरबीच, आणि इजाऱ्याप्रमाणेंच तोही एकीकडे शेतांत आणि दुसरीकडे मक्तेदारी या शब्दांत जाऊन बसला आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास जुनें साल संपतें. बारा महिन्यांसाठीं राबणारा सालदार ठरतो. हा धर्मशास्त्र्यांचा दुसरा इजारा, श्रमांचा. त्याच दिवसांत मक्त्याच्या बोलण्या होतात. पैसे मोजले जातात, दोन माणसें ऐकावयास असतात, कागद सहसा नसतो. पुढें गारपीट झाली किंवा सोयाबीन पाण्यांत गेलें, तर तलाठी पंचनाम्याला येतो. सातबारावर नांव जमीनवाल्याचें असतें. बियाणें, खत आणि मक्त्याची रक्कम ज्याची बुडाली, तो बांधावर उभा असतो, आणि नुकसानभरपाईच्या यादींत त्याचें नांव नसतें.